सरांच्या तहातलं सहावं कलम

परवा सकाळी जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, सर गेले. मिरजेला, स्वतःच्या घरी, आदल्या दुपारी वामकुक्षी घेताना. ऐंशीला टेकले होते. तासाभरात ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली, पांढरी फुलं आली आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, शांतिदूत. शारजातल्या आमच्या शाळेचे शांतिदूत हरपले. कोणीतरी कबुतरही उडवलं.

मी काही लिहिलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम ज्यानं केला त्याची आणि आमच्या सरांची गाठ पडली नसावी. आता मी सत्तरीची आहे, अबूधाबीच्या खलिफा सिटीत मुलाच्या घरी बसून नातीचे डबे भरते, आणि मला कोणाची भीडभाड नाही. तेव्हा नीट सांगते.

सर सोशल सायन्स शिकवत. सप्टेंबरात शारजाच्या रोल्ला बाजारातल्या रस्त्यावर चपलेचा तळ डांबराला चिकटतो, अशा उकाड्यातही त्यांच्या गळ्यात टाय असे, आणि पायात मात्र साध्या चपला. विचारलं की म्हणत, “बाई, टाय समोरच्यासाठी, चपला माझ्यासाठी.” लग्न केलेलं नव्हतं. रोल्लात बॅगांच्या दुकानावर एक खोली, तिथे एक कॉट, एक कपाट, आणि भिंतभर युरोपचा नकाशा. खोली इतकी लहान, की कपाट नकाशाच्या उजव्या बाजूवर उभं होतं.

भांडण दिसलं की या माणसाच्या डोळ्यांत चमक यायची. इतरांना मिठाईचं दुकान दिसल्यावर येते तशी. स्टाफरूममध्ये एसीवरून रोज दंगा. केरळच्या तिघींना गारवा हवा, आम्हा दोघींचे गुडघे दुखायचे. सरांनी एक दिवस रिमोट उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, “ज्याला एसी नको त्यानंच तो सांभाळायचा.” झालं. मला लाज वाटून मी दर तासाला स्वतःहून लावायला लागले. शाळेत कराचीचा एक आणि कोचीचा एक अशी दोन पोरं क्रिकेटवरून एकमेकांच्या शर्टाची बटणं तोडून आली, तर शिक्षा काय, आठवडाभर दोघांनी एकाच डब्यातून जेवायचं. चूक कोणाची हे विचारलंच नाही. “चूक कोणाची हा प्रश्न माझ्या पेपरात नसतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य, “आधी जेवण, मग सही.”

हे सगळं ते शिकले होते एका जर्मन मंत्र्याकडून. म्हणजे पुस्तकातून. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळात जर्मनीचा परराष्ट्रमंत्री होता तो. त्याचं नाव माझ्या कवळीला झेपत नाही, आणि सरही नाव घेत नसत. ‘आमचे मंत्री’ म्हणत. एखाद्यानं आपल्या मामाविषयी बोलावं तसं. आमचे मंत्री बर्लिनच्या बिअरवाल्याचे चिरंजीव. आमच्या मंत्र्यांनी डॉक्टरेट घेतली ती बाटलीतल्या बिअरच्या धंद्यावर. हे सांगताना सर आवाज खाली आणायचे. शारजात दारूला बंदी, आणि सर स्वतः सोडासुद्धा न पिणारे.

गोष्ट मोठी छान सांगत. पहिल्या युद्धात जर्मनी हरली. जिंकलेल्यांनी तहात लिहून घेतलं की युद्धाचा सगळा दोष तुमचा, करा सही. ते वाक्य त्या देशाला इंगळीसारखं डसलं. हा मंत्री स्वतःही आधी कडवा, युद्ध चालू असताना याला मुलखामागून मुलूख हवा होता. मग हार झाली, आणि त्याच्या ध्यानात आलं की ओरडून काही मिळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठच्या एका गावात तो फ्रान्सच्या मंत्र्यासमोर बसला. दोष कोणाचा हे बाजूला ठेवलं, आणि जेवढं जुळत होतं तेवढं लिहिलं. ही पश्चिमेची सीमा आहे तशीच राहील, कोणी ओलांडायची नाही. पुढे दोघांना मिळून शांततेचं मोठं बक्षीस मिळालं. एकदा दोघंच खेड्यातल्या खानावळीत तासन् तास जेवत बसले. “शत्रूबरोबर, बाई. ज्याचा मुलूख आपल्या सैन्यानं उजाड केला, त्याच्याबरोबर.” घरी मात्र त्याचेच लोक त्याला देशबुडव्या म्हणत. तब्येत पोखरली, पन्नाशी ओलांडली न ओलांडली तोच गेला, आणि थोड्याच वर्षांत सगळं जळून खाक झालं. इथे सर चष्मा काढून पुसत. “अजून दहा वर्षं जगते ना आमचे मंत्री.”

मी हे ऐकून भारावून जायची. मी म्हणजे तेव्हाची मी. त्रेचाळीस वर्षांची, पाचवी-सहावीला गणित शिकवणारी, केसांना मेंदी, डोळ्यांवर बशीएवढा गॉगल. ड्रायव्हिंग टेस्टला सहा वेळा नापास झालेली ही बाई जगाच्या इतिहासावर मान डोलवत असे. आज ती समोर आली तर मी तिचा गॉगल काढून ठेवीन आणि आधी पाढे म्हणून घेईन.

आता भांडणाकडे येते.

माझं सासर चिपळूणजवळचं. दोन भाऊ, दोघंही शारजात नोकरीला, आणि त्यांच्या पाठची एक बहीण. माझी नणंद. मी तिला वन्संच म्हणते, पहिल्यांदा चिडवायला म्हणायची, मग तेच नाव पडलं. ती गावी आईजवळ राहायची, तालुक्याच्या वाचनालयात नोकरी करायची. पस्तिशीला आली तेव्हा कोल्हापूरचं एक स्थळ जमलं. पोस्टातले, बायको वारलेली, शांत गृहस्थ. वन्सं त्यांना एकदा भेटली आणि मला फोनवर म्हणाली, “वहिनी, ते पुस्तक उघडण्याआधी हात पुसतात.” मला तेव्हा हसू आलं होतं. तिचं सगळं ठरलं होतं हे मला कळायला हवं होतं.

त्या श्रावणात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वन्संचा फोन आला, “दादा-वहिनींना सांगा, तुम्ही दोघी ठरवा, पण आईला तिकडे न्या. कायमचं नका ठेवू, एक वर्ष ठेवा. मी तिकडे रुळले की तिला कोल्हापूरला नेईन. त्यांनी हो म्हटलंय. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो म्हणालेत, हवं तर पुढच्याही वर्षीच्या.”

एक वर्ष. एवढंच तिचं मागणं.

मी आणि माझी थोरली जाऊ, आम्ही दोघींनी त्या एका वर्षाचं काय केलं ते ऐका. मी म्हटलं, “ताई, थोरलेपणा तुमचा, आई तुमच्याकडे. मी दिवसभर शाळेत.” जाऊबाई म्हणाल्या, “माझा एक दहावीला, एक बारावीला. आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट महिन्यातून वीस दिवस बंद. व्हीलचेअर काय मी डोक्यावरून नेऊ?” मी म्हटलं, “लिफ्ट बंद असते तेव्हा तुमच्या भिशीच्या बायका बऱ्या चढतात.” त्या म्हणाल्या, “नोकरीचं कौतुक सांगू नकोस, घरी बसावं लागू नये म्हणून जातेस तू शाळेत.” हे खरं होतं, म्हणून मी जास्त चिडले. व्हिसा काढायला पगार आणि घर दोन्ही दाखवावं लागे, आणि ते दोन्ही भावांकडे होतं. कारण शोधायचं म्हणून आम्ही शोधत होतो. शेवटी त्या वर्षी मी गणपती वेगळा आणला. कोकणातल्या माणसाला सांगायला नको याचा अर्थ. भाऊ परदेशात कितीही लांब राहोत, गणपती एकच असतो, थोरल्याकडे. मी रोल्लातून वीतभर मूर्ती आणून माझ्या टीव्हीवर बसवली, आणि दोन घरांचं बोलणं खलास. भाऊसुद्धा पार्किंगमध्ये भेटले तर गाडीच्या आरशात बघायचे.

चार महिने हे असं. मग सरांना सुगावा लागला. मीच डबा खाताना रडले. त्यांच्या डोळ्यांत ती मिठाईवाली चमक आली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्यांनी आम्हा दोघी जावांना खोलीवर जेवायला बोलावलं. नवऱ्यांना नाही. स्वतः मुगाची खिचडी आणि कढी केली होती. बसायची चटई भिंतीला अशी तिरपी टाकलेली, की दोघींपैकी कोणीच दाराकडे नाही आणि कोणीच मोठ्या जागी नाही. जेवण होईपर्यंत विषय काढू दिला नाही. जाऊबाईंनी “हिनं गणपती” एवढं म्हटलं, तर सरांनी त्यांच्या पानात कढी वाढली.

मग कागद आला. फाउंटन पेन आलं. “चूक कोणाची ते आज नको. दोघींना जे मान्य तेवढंच लिहू.” पहिलं कलम, गणपती पुन्हा एक. दुसरं, शुक्रवारी आळीपाळीनं एकमेकींकडे जेवण. तिसरं, आईंच्या औषधांना दोन्ही घरांचा हातभार. चौथं, दरवर्षी प्रत्येकीनं महिनाभर गावी जायचं. पाचवं, मागचं कोणी उकरायचं नाही.

मी म्हटलं, “आणि आईंना आणायचं कोणाकडे?”

सर म्हणाले, “त्यावर आज जुळतंय का?”

जाऊबाई कढीची वाटी बघत बसल्या, मी चटईची काडी ओढत.

“नाही ना? मग ते मोकळं सोडू. जुळेल तेव्हा जुळेल.” आणि त्यांनी सहावं कलम लिहिलं, त्यांच्या त्या सुरेख वळणदार अक्षरात. ‘तोवर आई आहेत तिथेच.’

आम्ही सह्या केल्या. गळ्यात पडलो. जाऊबाई माझ्या खांद्यावर रडल्या, मी त्यांच्या. सर नकाशाला टेकून उभे, टाय सरळ करत, जणू खिडकीबाहेर तळं आहे. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “सर म्हणजे देवमाणूस.” फोनचं कार्ड खरवडून वन्संना कळवलं, आमचं मिटलं बरं का. आई सध्या तिथेच.

ती म्हणाली, “बरं.”

आणि मी, बशीएवढ्या गॉगलवाली, मी सगळ्यांना सांगत सुटले, वन्संनी किती समजूतदारपणे घेतलं.

तो ‘तोवर’ अकरा वर्षं चालला. कोल्हापूरचे गृहस्थ दुसऱ्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबले, मग त्यांनी पाचगणीकडची कोणी केली. वाचनालयातली नोकरी वन्संनी सोडली. सासूबाईंना कुशीवर वळवणं, भरवणं, धुणं, सगळं तिनं एकटीनं केलं. आम्ही चौथ्या कलमाप्रमाणे वर्षातून महिनाभर जायचो, बदाम, पिस्ते आणि सुगंधी साबण घेऊन. पहिले चार दिवस सासूबाईंचे पाय चेपायचो, मग आमची कंबर धरायची. शारजात मात्र आमचे शुक्रवार झकास चालू होते. जाऊबाईंचं कोंबडीचं कालवण, माझे घावन, आणि तिसऱ्या पानावर सर. शाळेत ते आमची गोष्ट नव्या शिक्षकांना सांगायचे.

मला संशय यायला हवा होता. तसं आलंच होतं समोर. सर निवृत्त होऊन मिरजेला निघाले तेव्हा मी सामान बांधायला गेले होते. सासूबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेलेल्या. कपाट सरकवलं, तर मागून नकाशाचा उजवा भाग निघाला. रंग अगदी कोरे. मी सहज विचारलं, “सर, आणि या बाजूच्यांचं काय ठरलं होतं हो तळ्याकाठी?”

सर दोरी बांधत होते. म्हणाले, “पूर्वेचं काही ठरलं नव्हतं, बाई. ती सीमा मंत्र्यांनी मोकळी ठेवली. म्हणून तर बाकीचं ठरलं.”

“मग ते लोक?”

“ते मुख्य टेबलावर नव्हते,” सर म्हणाले, आणि मला कात्री मागितली.

मी कात्री दिली. विमानतळावर सोडायलाही गेले. नमस्कार केला खाली वाकून.

आता परवाचं. वन्सं सध्या माझ्याकडे आहे. आयुष्यात पहिल्यांदा आली, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर, बासष्टाव्या वर्षी. तिला मॉल आवडत नाही, तिला इथली लायब्ररी आवडली. परवा ती समोर बसून मटार सोलत होती आणि मी ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवत होते. शांतिदूत वगैरे.

ती म्हणाली, “तुमचे ते टायवाले सर का? गेले होय.”

“तुम्ही कुठे पाहिलंत त्यांना?”

“म्हणजे काय? आले होते की घरी. तुमचं मिटलं त्याच वर्षी, आषाढात. शाळेला सुट्टी होती म्हणाले. गुडघाभर चिखल, त्यात हा माणूस टाय घालून.”

मी फोन खाली ठेवला.

तिनं सांगितलं ते असं. सर ओसरीवर बसले. चहा झाला. मग त्यांनी खिशातून आमच्या तहाची नक्कल काढली, तिला वाचायला दिली आणि विचारलं, “ताई, तुमची याला हरकत नाही ना?” तिनं कागद दोनदा वाचला. म्हणाली, “सही करायला जागा कुठे ठेवलीय माझ्यासाठी?” सरांनी चष्मा काढून पुसला. मग तिनं त्यांचंच पेन मागून घेतलं आणि सहाव्या कलमाखाली लिहिलं, ‘मला मान्य नाही. मला एक वर्ष हवं आहे.’ खाली नाव, तारीख. म्हणाली, “हे दोन्ही वहिन्यांना द्या.” सरांनी घडी घालून खिशात ठेवलं. जाताना सासूबाईंच्या पाया पडले.

तुळशीच्या लग्नाला तेव्हा चार महिने होते.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढे काय. तुमच्याकडून काही आलं नाही. मी समजले.”

“काय समजलात?”

“की तुम्ही दोघींनी वाचलं, आणि गप्प बसलात.”

सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षं ही बाई असं समजून माझ्याशी हसून बोलत होती. माझ्या मुलाच्या मुंजीत राबली. दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी पाठवली. आणि तो माणूस दर दुसऱ्या शुक्रवारी माझ्या ओट्याशी बसून घावन खात होता, खिशात, नाहीतर कपाटात, नाहीतर त्या नकाशामागे तिचा कागद ठेवून. आमचं इतकं छान चाललं होतं ना. कशाला मोडायचं.

मी ओरडले. सरांना काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. खोलीतून नात बाहेर आली, “आजी, इज एव्हरीथिंग ओके?” मी म्हटलं, “नाही. तू अभ्यास कर.” ती गेली, आणि मला ते दिसलं जे बघायचं नव्हतं. समजा सरांनी कागद दिला असता. समजा त्या ऑगस्टात माझ्या हातात पडलं असतं, ‘मला एक वर्ष हवं आहे.’ ती मेंदीवाली बाई काय करती? मी तिला चांगली ओळखते. ती कागद घेऊन जाऊबाईंकडे जाती, दोघी मिळून म्हणत्या, बघा कशी आहे, आईचं करायला नको, लग्नाची घाई. आणि त्या शुक्रवारी आम्हाला जेवण अजून गोड लागतं. सरांना हे ठाऊक होतं. मी त्यांच्यावर चिडते आहे ती त्यांनी मला इतकं अचूक ओळखलं म्हणूनही.

मी लगेच जाऊबाईंना फोन लावला. त्या अजून शारजातच असतात, थोरल्या मुलाकडे. स्पीकरवर ठेवला, वन्संनाही ऐकू यावं म्हणून. सगळं सांगितलं. पलीकडे त्यांचा टीव्ही चालू होता.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. मग घसा खाकरून, “झालं ते झालं. आता पुढचं बघू. वन्संना गावी एकटं ठेवायचं नाही या वयात. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. मुलं व्हिसाचं बघतील, इन्शाल्ला होऊन जाईल. काय म्हणतेस?”

आणि खोटं कशाला बोलू, माझं तोंड उघडलं होतं ‘चालेल’ म्हणायला. किती सोयीचं होतं. दोघींना मान्य, भांडण नाही, वर प्रायश्चित्तही.

वन्संनी मटाराचं ताट बाजूला सारलं, खुर्ची पुढे ओढली आणि फोन आपल्यापुढे घेतला.

“मोठ्या वहिनी, मी शनिवारी परत चालले आहे. माझं घर आहे, मला तिथे बरं वाटतं. ते सोडा. तुम्ही दोघी तेव्हा चार महिने एकमेकींशी भांडलात. माझ्याशी कोणी भांडलंसुद्धा नाही. ते मला हवंय. टीव्ही बंद करा.”

टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

मग तिनं सुरुवात केली, पहिल्या वर्षापासून. आवाज चढवला नाही. सासूबाईंच्या पाठीला झालेली पहिली जखम कोणत्या तारखेला, त्या दिवशी आमच्याकडून आलेल्या पत्रात काय होतं, दुबईच्या जत्रेचं वर्णन. वाचनालयाच्या चाव्या कोणाच्या हातात दिल्या. कोल्हापूरचं शेवटचं पत्र, ते तिनं चुलीत घातलं नाही, अजून आहे. दुसऱ्या वर्षी मी आणलेला साबण सासूबाईंच्या अंगावर उठला आणि त्यांनी रात्रभर अंग ओरबाडलं, ते. जाऊबाई पलीकडे मुसमुसायला लागल्या, तर वन्सं म्हणाली, “रडायचं नंतर.”

अर्ध्या-पाऊण तासानं मला राहवलं नाही. एका गोष्टीत माझी खरंच चूक नव्हती, त्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं होतं. मी म्हटलं, “वन्सं, तेवढं जरा...”

“वहिनी, मध्ये बोलू नका,” ती म्हणाली. “मी अजून तिसऱ्याच वर्षावर आहे.”